खाऊन राहिली आहे!

मैत्रिणींनो, वयाच्या 58व्या वर्षी मी जपानी शिकते आहे म्हटलं, की आमच्या वडशातल्या शेजारणी तोंडाला पदर लावतात. तुम्हीही हसाल. पण कारण तर ऐका.

मुलगा-सून तोक्योच्या एदोगावा भागात असतात. तिथे आपली माणसं पुष्कळ. 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक तिथल्या सभागृहावर निवडूनही आले. पाच वर्षांच्या नातीचं मराठी मात्र आटत चाललं. फोनवर ती बोले आणि सून मला अर्थ सांगे. आजी-नातीत दुभाषी कशाला? सुनेनं ठेवलेलं पुस्तक उघडलं झालं!

लिपी पाहून छाती दडपली. हिरागाना आणि काताकाना, दोहोंची 46-46 मूळ अक्षरं. शिवाय चित्रलिपी निराळीच. पण वाक्यरचना पाहिली अन् माहेरी आल्यासारखं वाटलं. 'वाताशी वा गोहान ओ ताबेमासु', मी भात खाते. क्रियापद शेवटी. 'चंद्रपूरहून' म्हणायला 'चंद्रपूर कारा'. आणि प्रश्न विचारायचा तर शेवटी चक्क 'का'! ताबेमासु का? खातेस का?

खरी गंमत पुढेच. 'ताबेते इमासु' म्हणजे आमचं वैदर्भी 'खाऊन राहिली आहे'! लहानपणी असं बोललं की बाई हातावर पट्टी मारत. पुढे मुलगा तसं बोलला तर मीही त्याला टोकत असे. आज त्याचं वाईट वाटतं. जी बोली मी घरातून घालवली, तिनंच मला हा धडा शिकवला.

अडतं कुठे? 'वा' आणि 'गा' यांत अजून घोटाळा होतो. म्हणून रोज एकच वाक्यप्रकार घेते आणि कुकरच्या शिट्ट्या होईतो त्यात भात, मीठ, पाणी घालून मोठ्यानं म्हणते.

परवा आमच्याकडे पहाटेचे पाच, तिकडे साडेआठ. नात शाळेला निघाली होती. 'इत्ते किमासु,' ती आईला म्हणाली. जाऊन येते! आपणही निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो ना? मी फोनवरून म्हटलं, 'इत्तेराश्शाई.' जाऊन ये, बाळा.

क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग सुनेच्या हातून फोन घेऊन ती भराभरा बोलतच सुटली. निम्मं कळलं नाही. पण मधे कुणी नव्हतं.

तुम्हीही एखादी भाषा शिकून पाहा. वय काय, होतच राहतं.