तळहाताआडचा अंधार

डोळ्यावर दुसऱ्या कुणाचा तळहात आला की जो अंधार होतो, त्याला वास असतो. माझ्या आईच्या तळहाताआडच्या अंधाराला सुकडीचा वास होता. भाजलेल्या पिठाचा, गुळाचा, आणि त्यातच कुठेतरी खडूच्या भुकटीचा. जव्हारकडच्या एका पाड्यावर ती अंगणवाडीची ताई होती, आणि मी तिचं मूल म्हणून कमी, अंगणवाडीतलं एक मूल म्हणूनच जास्त, तिथे वाढत होते. दोन्ही डोळे झाकून ‘ओळख कोण?’ म्हणणारे हात सगळ्यांच्याच लहानपणी येऊन जातात. आईचा हात एकच डोळा झाकायचा. अर्धा उजेड आणि अर्धा सुकडीचा वास, असं ते विलक्षण काहीतरी असायचं, आणि तिने हात काढूच नये असं मला वाटत राहायचं.

तपासणीच्या दिवशी तक्ता निघे. अक्षरं न येणाऱ्या मुलांसाठी त्यावर ‘ई’ हे एकच इंग्रजी अक्षर, कधी उताणं, कधी पालथं, कधी कुशीवर वळलेलं, ओळीगणिक बारीक होत गेलेलं. आमच्या लेखी ती फणी होती. फणीचे दात कुठे? चिमुकले पंजे उठत. वर, खाली, दाराकडे, डोंगराकडे. सहा मीटरचं अंतर खोलीत मावत नसे, म्हणून आई व्हरांड्याच्या खांबाला तक्ता टांगी, दोरीने अंतर मोजून घेई आणि मुलांना समोरच्या आंब्याखाली बसवी. पानांतून उतरणारं ऊन त्यांच्या गुडघ्यांवर हलत असे.

त्यांच्यातलाच एक मुलगा अजून मनातून जात नाही. डावा डोळा झाकला तेव्हा त्याने अगदी शेवटच्या ओळीपर्यंत फण्या ओळखल्या. मग आईचा हात उजव्या डोळ्यावर गेला. तो रडला नाही. त्याने दोन्ही हातांनी तिचा तळहात धरला आणि शांतपणे, एखादं मांजर अंगावरची चादर सारतं तसा, बाजूला सारला. आईने पुन्हा ठेवला, त्याने पुन्हा सारला. मला नवल वाटलं. त्या हाताला इतका गोड वास, आणि याला तो नको?

हेच पोर ओढ्यावरचे चतुर शेपटीला धरून पकडायचं. घरात कुणाला कशी शंका यावी? एक डोळा दोघांचं काम करत होता आणि दुसरा हळूहळू त्यातून अंग काढून घेत होता. पोट दुखलं की मूल कळवळतं, कान ठणकला की रात्र जागवतं. न दिसणं मात्र दुखत नाही. जगाची एक बाजू जन्मापासूनच धुकट असेल, तर तिला धुकं म्हणायचं हे तरी त्या जिवाला कुणी सांगावं?

पुढे कॉलेजात असताना ह्यूबेल आणि वीझेल यांच्याबद्दल वाचलं. त्यांनी मांजराच्या पिल्लांच्या एका डोळ्याच्या पापण्या कोवळ्या वयात शिवून टाकल्या होत्या. काही महिन्यांनी टाके काढले तर डोळा धडधाकट होता, पण मेंदूने त्याची ओळख ठेवली नव्हती. या कामासाठी त्यांना १९८१ साली नोबेल मिळालं. मिळो बापडं, मला अजूनही त्या पिल्लांचं वाईट वाटतं. पण बघणं हेही शिकावं लागतं आणि त्या शिकण्याला वय असतं, हे त्यांच्यामुळेच पक्कं कळलं. माणसाच्या मुलाचं ते वय साधारण सातेक वर्षांपर्यंतचं. नंतरही काही सुधारतं, पण जड जातं, आणि नुसत्या चष्म्याने भागत नाही.

त्या मुलाला तालुक्याच्या गावी नेलं, चष्मा आला, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. त्याची आजी संतापली. “दिसतो तोच डोळा का झाकता, बाय?” तिचं तरी काय चुकलं? आळसावलेल्या डोळ्याला कामाला लावायचं तर कामसू डोळ्याला बसवून ठेवावं लागतं, हे ऐकायला दुष्टपणाचंच वाटतं. आई वाद घालत बसली नाही. दुपारी त्यांच्या ओटीवर सुपात तांदूळ घेऊन बसायची आणि त्याच्याकडून खडे वेचून घ्यायची. पट्टी लावलेलं ते पोर सुपावर नाक टेकवून एकेक खडा चिमटीत धरायचं. पाऊस लागेपर्यंत त्याची मान जराशी वर आली होती. आजी मग स्वतःच सूप पुढे सरकवू लागली. हाय रे, किती दुपारी!

आजही शहरातल्या शिकल्यासवरल्या घरांत ऐकते, एवढ्याशा पोराला कशाला चष्मा, किंचित तिरळेपणा भाग्याचा असतो, मोठं झालं की जाईल. भाग्याचं मला ठाऊक नाही. पण तिरळ्या डोळ्यामागे पुष्कळदा दृष्टी मंदावत असते, आणि फोटोत एका बाहुलीत लालऐवजी पांढरी चमक दिसली तर एक दिवसही थांबू नये.

फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो आमच्याच बाजूला, पालघरला. अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा डॉक्टरांच्या नजरेखालून जाणार होती. आई तेव्हा निवृत्त झाली होती. बातमी कळल्यावर ती हरखली, थोडी रुसलीही, आणि मग तिने पाड्यावरच्या नव्या ताईला फोन लावला. “अगं, डॉक्टर येतील ते येतील. आधी दोरी काढ आणि सहा मीटर मोजून ठेव. त्या खोलीत मावत नाहीत.”