कोव्हचा धक्का

आई डब्लिनला आली की आम्ही तिला कुठेतरी फिरवून आणतो. क्लिफ्स ऑफ मोहर झाले, गॉलवे झालं. यंदा तिचे गुडघे कुरकुरत होते, म्हणून ऑगस्टच्या बँक हॉलिडेला चालणं कमी आणि समुद्र जास्त अशी जागा शोधली. कॉर्क शहरात दोन रात्री मुक्काम आणि मधला दिवस कोव्हला. ह्यूस्टन स्टेशनवरून कॉर्क अडीच-पावणेतीन तास. गाडी पोर्टलीशला पोहोचेपर्यंत थालीपिठांचा डबा निम्मा झाला होता.

कॉर्कहून कोव्हची लोकल साधारण पंचवीस मिनिटं घेते. जाताना खिडकीशी बसा, पाणी अगदी रुळांना येऊन भिडतं. गावाच्या नावाची गंमत मुलाने आजीला सांगितली : लिहायचं 'कोभ', म्हणायचं 'कोव्ह'. 1849 मध्ये व्हिक्टोरिया राणी इथे उतरली म्हणून गावाचं नाव क्वीन्सटाउन झालं, ते 1920 पर्यंत टिकलं.

गाव उभ्या चढावर आहे. वर सेंट कोलमन कॅथीड्रल, त्याच्या मनोऱ्यात 49 घंटा. नवरा आणि मुलगा वर गेले. आम्ही दोघी खालीच फिरलो.

जुन्या व्हाइट स्टार लाइनच्या कचेरीत आता टायटॅनिकचं प्रदर्शन आहे. 11 एप्रिल 1912 ला टायटॅनिकने शेवटचा थांबा घेतला तो इथे. एवढी मोठी बोट धक्क्याला लागली नाही, बाहेर रोशेस पॉइंटजवळ उभी राहिली आणि इथले 123 प्रवासी छोट्या बोटींतून तिच्यापर्यंत गेले. आईला हे समजावून सांगावं लागलं नाही. "म्हणजे आपल्या पडावासारखंच की! भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने रत्नागिरीला जायचो, तेव्हा बोट बाहेर उभी राहायची आणि आम्हाला पडावातून किनाऱ्यावर नेत. माझी आई एका हाताने मला धरायची आणि दुसऱ्या हाताने ट्रंक."

प्रदर्शनाच्या तिकिटावर एका खऱ्या प्रवाशाचं नाव असतं. तो वाचला की बुडाला, ते शेवटच्या खोलीत कळतं. आईच्या वाट्याला तिसऱ्या वर्गातली एक मुलगी आली होती. मी भिंतीवरच्या यादीकडे वळले, तर आईने माझा हात धरला. "नको बघूस. निघाली होती, एवढं पुरे." तिकीट तिने पर्समध्ये ठेवलं. मागच्या बाजूला पाण्यात जुन्या धक्क्याचे काळे लाकडी खांब अजून उभे आहेत.

पुढे स्टेशनजवळ ॲनी मूरचा पुतळा आहे. शेजारी तिचे दोन धाकटे भाऊ. डिसेंबर 1891 मध्ये ही सतरा वर्षांची मुलगी दोघा भावांना घेऊन इथून निघाली, आणि 1 जानेवारी 1892 ला न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर नोंदली गेलेली पहिली व्यक्ती ठरली. आईवडील आधीच तिकडे गेले होते. 1848 ते 1950 या काळात आयर्लंड सोडून गेलेल्या सुमारे 60 लाख लोकांपैकी 25 लाख या बंदरातून गेले. कुणी निघालं की आदल्या रात्री घरी शेजारपाजारचे जमत, गाणी-नाच होत, पहाटेपर्यंत जागरण. त्याला 'अमेरिकन वेक' म्हणत. वेक म्हणजे इथे मयताच्या घरी करतात ते जागरण. गेलेलं माणूस परत दिसणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असे.

आई बाकावर बसली. बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "तू पहिल्यांदा निघालीस ना, तेव्हा मी दोन दिवस केर काढला नव्हता."

माणूस गावाला गेल्यावर लगेच झाडू फिरवू नये, हे मलाही माहीत होतं. पण दोन दिवस?

"कामवाल्या बाईंना सांगितलं, बरं नाही मला, येऊ नका. तुझे बाबा चिडले. मग तेही काही बोलले नाहीत." थोडं थांबून ती म्हणाली, "आता पुढच्या वेळी तुम्हीच या गं. एवढा प्रवास मला होत नाही."

मी "बघू" म्हणाले. तिनेही ताणलं नाही. तेवढ्यात मुलगा चढ उतरून धावत आला आणि आजीला घंटा मोजल्याचं खोटंच सांगू लागला.

सप्टेंबरमध्ये आईला विमानतळावर सोडलं. व्हीलचेअर सांगितली होती. आत जाताना तिने हात हलवला आणि सवयीने "येते गं" म्हणाली. घरी आले, तर हॉलमध्ये तिच्या खुर्चीखाली शेंगदाण्याची सालं पडली होती. नवऱ्याने व्हॅक्यूम क्लीनर बाहेर काढला.

"राहू दे," मी म्हटलं. "परवा काढू."