सामनेवाली नंबर 1

अर्जातलं सहावं कलम मला सगळ्यात जास्त लागलं. त्यात लिहिलं होतं की, अपघातानंतर सामनेवाली नंबर 1 हिने अर्जदारास स्वतःहून दवाखान्यात नेले, उपचाराचा खर्चही केला, आणि यावरून तिने आपली चूक मान्य केली हे उघड आहे. सामनेवाली नंबर 1 म्हणजे मी. नंबर 2 माझ्या गाडीची विमा कंपनी.

मागणी 92 हजारांची होती. मोटरसायकलच्या दुरुस्तीचे 34 हजार, बुडालेल्या मजुरीचे 38 हजार, शारीरिक आणि मानसिक त्रासाचे 20 हजार. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे घरचा कर्ता गेलेल्यांची, पाय गमावलेल्यांची प्रकरणं चालतात. जळगावच्या कोर्टाच्या व्हरांड्यात तशा बायका-माणसांशेजारी बसले, की आपलं प्रकरण किती लहान आहे हे कळायचं. पैशांची भीती मला फारशी नव्हती. सहाव्या कलमाला उत्तर न देता मात्र राहवलं नसतं.

असोदा माझं माहेर. थंडी पडली की जळगावहून भरताची वांगी न्यायला असोद्याला गाड्या येतात. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण असोद्याच्या वांग्याचं नाव त्याच्या कितीतरी आधीपासून खानदेशभर आहे. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, कळण्याच्या पुऱ्या तळायच्या, की भरताची पंगत बसते. त्या दिवशी मीही वांगी घेऊन निघाले होते. भाऊ शेजारी बसला होता. रस्त्याच्या एका अंगाला ट्रॉली उभी, दुसऱ्या अंगाला भरलेली पोती. गाडी पहिल्या गिअरमध्ये सरकत होती, तेवढ्यात डावीकडच्या बोळातून मोटरसायकल आली आणि माझ्या मागच्या डाव्या दरवाजावर आदळली. चालवणारा पंचविशीतला मुलगा खाली पडला. गुडघा सोलवटला, तळहाताला खरचटलं. मोटरसायकलचा हेडलाइट फुटला, पुढचं मडगार्ड वाकलं.

गाड्या हलवण्याआधी भावाने मोबाईलवर फोटो काढले. त्या मुलाला गाडीत बसवून आम्ही गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. जखम धुऊन पट्टी झाली, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, पैसे मी दिले. मग पोलीस ठाण्यात जाऊन माहिती नोंदवली आणि विमा कंपनीला लेखी कळवलं.

नोटीस आल्यावर काका म्हणाले, "पोरी, तू काबरं गेली त्याच्यासंगं दवाखान्यात? आता भर." ते रागाने बोलले नव्हते. रस्त्यावर थांबलं की गळ्यात येतं, हे त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं, थोडंफार पाहिलंही होतं. जळगाव-भुसावळ रस्त्यावर रात्री कुणी पडलेलं दिसलं तर किती गाड्या थांबतात, हे आपण सगळे जाणतो. त्या न थांबणाऱ्यांच्या मनात हेच सहावं कलम असतं.

मोटार वाहन कायदा 1988, कलम 134. वकीलसाहेबांनी ते वाचून दाखवलं आणि माझ्या जिवात जीव आला. वाहनाचा अपघात होऊन कुणाला इजा झाली, तर जखमीला वैद्यकीय मदत मिळावी म्हणून शक्य ते सगळं करणं हे चालकाचं कर्तव्य आहे. जागेवर पोलीस नसेल तर लवकरात लवकर, उशिरात उशिरा 24 तासांत, जवळच्या ठाण्यात कळवायचं. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं. चूक कुणाची, हा प्रश्न या कलमात कुठेच येत नाही. चूक नसलेल्यालाही हे करावंच लागतं. मग जे कायद्याने करायलाच हवं, ते केलं म्हणून कबुली कशी ठरेल? आमच्या कैफियतीचा कणा हाच होता.

कैफियतीचा पहिला कच्चा मसुदा आला, तो मात्र मला पटला नाही. प्रत्येक कलमापुढे तेच वाक्य: सदरचा मजकूर खोटा, लबाडीचा व बनावट असल्याने मान्य व कबूल नाही. कोर्टाची ती रीत आहे, आणि त्यामागे कारणही आहे. दिवाणी कामात जे स्पष्टपणे नाकारलं नाही ते मान्य आहे असं धरलं जाऊ शकतं, म्हणून वकील एकही ओळ मोकळी सोडत नाहीत. पण त्या मुलाचा गुडघा फुटला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याला लबाडी कसं म्हणू? वकीलसाहेबांशी बसून आम्ही एकेक कलम वेगळं केलं. अपघात झाला, कबूल. इजा झाली, कबूल. दवाखान्यात नेलं, कबूल. गाडी भरधाव होती, नाकबूल. चूक मान्य केली, नाकबूल. वकीलसाहेब आधी नाखूश होते; पुढे म्हणाले, खरं ते मान्य केलं की नाकारलेल्या गोष्टीला वजन येतं.

भरधाव नसल्याचा पुरावा फोटोंतच होता. माझ्या गाडीच्या पुढच्या भागावर ओरखडाही नव्हता आणि चेपलेला होता मागचा दरवाजा. समोरून धडक दिलेल्या गाडीचा मागचा दरवाजा चेपत नाही. 34 हजारांचा कागद म्हणजे गॅरेजचं कोटेशन होतं, पैसे भरल्याचं बिल नव्हतं. त्यात क्लचप्लेट आणि मागचा टायरही धरलेला होता. मजुरीच्या बाबतीत डॉक्टरांच्या कागदावर पाच दिवस विश्रांती लिहिली होती, अर्जात दीड महिना. तो केळी भरणीच्या कामावर जायचा. गुडघा दुखत असताना घड उचलणं जमणार नाही, हे मलाही कळत होतं. पाच दिवसांची मजुरी त्याला मिळायलाच हवी, असं मी वकिलांना पहिल्या बैठकीतच सांगितलं होतं.

विमा आहे, मग तू कशाला धावतेस, असं बरेच जण म्हणाले. खाजगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. हप्त्यात थोडी सूट मिळते म्हणून ही मर्यादा 6 हजारांवर आणून घेणारेही असतात. कागद नीट वाचून पाहावा. पण कंपनीचे वकील कंपनीसाठी उभे असतात. लायसन्सची मुदत संपलेली निघाली, पॉलिसीची अट मोडलेली निघाली, तर तेच वकील बोजा मालकावर टाकायला मोकळे असतात. म्हणून नंबर 1 ने स्वतःचं म्हणणं स्वतः द्यायचं. कंपनीच्या कैफियतीत मी दवाखान्यात का गेले, यावर एक ओळही नव्हती. त्यांना तिची गरज नव्हती.

साक्षीदाराचा प्रश्न अवघड होता. मुलगा गावातल्याच एका घरचा जावई, आणि मी गावची लेक. कुणाला कुणाविरुद्ध उभं करायचं? ज्यांच्याकडून वांगी घेतली त्या आत्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांना विचारायला मी घाबरतच गेले. त्या म्हणाल्या, "मी जे पाह्यलं ते सांगीन. दोघं बी आपलेच, मंग खोटं कोनासाठी बोलू?" ज्या गावात रोज राहायचं आहे तिथे असं म्हणायला छाती लागते.

त्यांना कोर्टात यावं लागलं नाही. प्रकरण लोकअदालतीत ठेवलं गेलं. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे तिथली तडजोड दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी असते आणि तिच्यावर अपील नसतं, त्यामुळे सही करताना नीट वाचून करावी लागते. कंपनी 17 हजार द्यायला तयार झाली. हेडलाइट, मडगार्ड, पुढचा शॉकअप, पाच दिवसांची मजुरी आणि वर थोडं, असा हिशेब होता. मुलगाही राजी झाला.

तडजोडीची पुरसीस टाइप होऊन आली. मी एक ओळ घालायचा आग्रह धरला. कंपनीच्या वकिलांना ती अनावश्यक वाटली, रकमेत तिने काही फरक पडत नव्हता. पॅनलसमोर मी माझं कारण सांगितलं. त्या मुलाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "टाका ना ताई. तुम्ही नेलं नसतं तर मी तिथंच बसून राहतो." मग पुरसीशीत ती ओळ आली: सामनेवाली नंबर 1 हिने अर्जदारास कायदेशीर कर्तव्य म्हणून वैद्यकीय मदत दिली असून त्यावरून निष्काळजीपणाची कोणतीही कबुली दिल्याचे समजण्यात येऊ नये. त्याखाली आम्ही दोघांनी सह्या केल्या, मग कंपनीने.

काकांना मी त्या कागदाची झेरॉक्स नेऊन दिली.