कोणाची लेक?

माझा पहिला बायोडाटा नांदेडच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये टाइप झाला. वडिलांचं नाव, त्यांचा व्यवसाय, धर्म, जात, मातृभाषा, विवाहित की अविवाहित, आणि खाली ‘वरील सर्व माहिती खरी आहे’. मला काय येतं, याला एकच ओळ: टायपिंग, मराठी 30, इंग्रजी 40. सोबत झेरॉक्सचा गठ्ठा, प्रत्येक प्रतीवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही. त्यात माझी पहिल्या वर्षाची गुणपत्रिका मराठवाडा विद्यापीठाची. पदवी हातात येईपर्यंत 1994च्या जानेवारीत नामविस्तार झाला आणि सप्टेंबरात नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने वेगळं विद्यापीठही निघालं. मुलाखत घेणाऱ्याला हे समजावण्यातच निम्मा वेळ जायचा.

परवा लातूरला भाचीने तिचा रेझ्युमे दाखवला. इंटरनेटवरून घेतलेला साचा, दोन रकाने, गोलात फोटो. मराठीला पाच तारे, टॅलीला साडेतीन. उरलेला दीड तारा कुठे गेला, हे तिलाही सांगता येईना! शिवाय मोठ्या कंपन्यांत हा कागद माणसाआधी सॉफ्टवेअर वाचतं आणि दोन रकान्यांत त्याची गफलत होऊ शकते. म्हणून सगळं सरळ एकाखाली एक घेतलं.

तिची आई बाहेरगावाहून क्लासेससाठी आलेल्या पोरांची मेस चालवते. भाजीची खरेदी, डब्यांचा हिशेब, थकलेल्या पैशांची वसुली हे सगळं कॉलेज करून भाचीच बघते. कागदावर त्यातलं अक्षर नव्हतं.

“मामा, हे काय लिहायचं असतं का?”

हेच लिहायचं, म्हटलं. जात, वडिलांचा व्यवसाय, जन्मतारीख काढायला लावली. तशी बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, “मग दादा, ही कोणाची लेक, हे त्यांना कळावं कसं?”

कळू नये, हेच मला बरं वाटतं. ते रकाने लग्नाच्या बायोडाटात मामाकुळासकट सुखाने नांदताहेत.

सरकारी भरतीची गोष्ट मात्र वेगळी. तिथे रेझ्युमे कोणी विचारत नाही. डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर लागतं. आणि बहिणीच्या सासरचं घर किल्लारीकडचं, 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे पडलेलं. भूकंपग्रस्तांना नोकरीत 2 टक्के समांतर आरक्षण आहे. त्यामुळे भाचीच्या जन्माआधी पडलेल्या घराचा दाखला तिच्या फाइलीत आहे, लॅमिनेशन करून. लॅमिनेशन करू नका म्हणून मी सांगितलं होतं, पण दाजी ऐकतात होय!