म्या आणि मी

दुसऱ्याचे शब्द सुधारून देणे ही आपल्याकडील सुशिक्षितांची जुनी हौस आहे. इंदापूर तालुक्यातील काही वाड्यावस्त्यांवर वयोवृद्ध स्त्रियांच्या मुखातून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेण्याचे काम आम्ही चौघांनी हाती घेतले, तेव्हा तिची प्रचीती आली. ओव्या वह्यांतून संगणकात गेल्या. आमच्यातील एक सहकारी व्याकरणाचे मोठे अभिमानी. त्यांनी एका रात्री, अगदी सद्हेतूने, सगळी फाईल 'शुद्ध' करून टाकली. 'म्या'चे 'मी' झाले, 'वसरी'ची 'ओसरी' झाली. 'माये'शी जुळणारे 'हाये' हे 'आहे' झाले आणि यमक मोडून पडले. नवी फाईल जुन्या फाईलच्याच नावाने साठवली गेल्यामुळे जुनी नाहीशी झाली. बहुतेक वह्या शिल्लक होत्या, पण एक वही पावसात भिजून गेली होती. आणि त्या वहीतील ओव्या गाणारी आजी तोवर देवाघरी गेली होती.

हे दुखणे आजचे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, पुढे १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले. पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज आपल्या हाती नाही. हस्तलिखितांवर भागवावे लागते, आणि नकलाकाराने कोठे काय बदलले हे त्याने सांगितलेले नसते. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्या पाहिल्या की ध्यानात येते, की या गाण्यांत भाषेचा प्रत्येक गावठी वळसा हाच ऐवज आहे. तो इस्त्री करून सपाट करण्यासाठी नाही.

बारामतीला संगणकाचे शिक्षण घेणारा आमच्या भागातील एक तरुण एस.टी.ने ये-जा करतो. त्याने उपाय सुचविला. लेखनातील प्रत्येक बदल, तो कोणी व केव्हा केला यासह नोंदवून ठेवणारी 'गिट' नावाची एक आज्ञावली आहे. तिचा जन्मही एका अडचणीतूनच झाला. लिनक्स घडविणारे मंडळ २००२ पासून अशाच कामासाठी एका कंपनीची आज्ञावली वापरत असे. ती त्यांना विनामूल्य मिळे. पण तिचा मूळ मसुदा, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो मालकाच्या कुलपात. २००५ साली ती सवलत काढून घेतली गेली. तेव्हा लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल महिन्यात अवघ्या काही दिवसांत गिटचा पाया घातला आणि तिचा सोर्स कोड सर्वांना खुला ठेवला.

आमचा संगणक मात्र दान आलेला, जुना. त्यावरील लिनक्स इतके जुने की त्यासाठी तयार आज्ञावल्या पुरविणारे भांडार केव्हाच बंद झालेले. "फादर, तयार मिळत नाही, पण मूळ मिळतंय. आपणच बांधू या की," असे म्हणून त्याने पेनड्राइव्ह पुढे केला.

आमचा मुलूख उसाचा. दुकानातून साखरेची पुडी आणणाऱ्याला मळीचा वास ठाऊक नसतो. गुऱ्हाळावर बसलेल्याला चुलाणापासून काहिलीपर्यंत सगळे दिसते. सोर्स कोडपासून आज्ञावली बांधणे हे गुऱ्हाळावर बसण्यासारखे. माणसाला वाचता येईल असा मजकूर कंपायलर यंत्राच्या भाषेत उतरवितो, आणि हे सारे काम 'मेक' या एका शब्दाच्या आज्ञेने सुरू होते. आमचे सुरू झाले आणि लगेच थांबले. 'झेडलिब' नावाचे, मजकूर आवळून ठेवणारे साहाय्यक साहित्य सापडत नव्हते. गिटमध्ये काही गोष्टी वगळून बांधण्याची सोय आहे. जाळ्यावरून देवाणघेवाण करणारा भाग आम्हांला नको होता, तो वगळला. पण झेडलिबवाचून तिचे पान हलत नाही. मग आधी झेडलिबचा सोर्स कोड आणून ते बांधले. मध्येच वीज गेली. दोन तासांनी आली, तेव्हा 'मेक'ने जेवढे झाले होते ते तसेच ठेवून पुढचे काम उचलले. या शहाणपणाचे मला विशेष कौतुक वाटले. शेवटची आज्ञा 'मेक इन्स्टॉल'. वेगळी जागा सांगितली नाही तर गिट वापरणाऱ्याच्या स्वतःच्या घरकप्प्यातच बसते. संगणकाच्या मुख्य व्यवस्थेला हात लावावा लागत नाही.

पहिली नोंद करू गेलो, तर तिने ती नाकारली आणि विचारले, आपण कोण ते आधी सांगा. नाव सांगितल्यावाचून शब्द स्वीकारला जात नाही! प्रत्येक नोंदीला चाळीस चिन्हांची एक खूण मिळते. ती त्या वेळच्या मजकुरावरून आणि आधीच्या नोंदीच्या खुणेवरून निघते. म्हणून मागची एखादी नोंद कोणी गुपचूप बदलली, तर पुढच्या सगळ्या खुणा बदलतात आणि चोरी उघडी पडते. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते. येथे तेवढी वाट पाहावी लागत नाही. बुडालेला पाठ एका आज्ञेसरशी वर येतो. अर्थात, तो आधी नोंदविलेला असेल तर.

आम्ही प्रथम ती 'शुद्ध' फाईलच नोंदविली. व्याकरणाभिमानी सहकाऱ्यांनी आपणहून सांगितले, "तिच्यावर माझंच नाव घाला." नंतर वह्या समोर घेऊन एकेक 'म्या', एकेक 'हाये' परत बसविले, आणि प्रत्येक नोंदीत गाणारीचे गाव लिहिले. भिजलेल्या वहीतील अकरा ओव्या मात्र शुद्धच राहिल्या आहेत. त्यांच्या नोंदीत एवढेच लिहिले आहे, की या शब्दांवर भिस्त ठेवू नये. गाणारी 'म्या' म्हणत असे.