डब्बा टीव्ही राहू द्या

सोमवार, २८ ऑक्टोबर २०२४, आमगाव
दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जुना टीव्ही गेम सापडला. अ‍ॅडॉप्टरची वायर उंदरांनी खाल्लेली, बाकी शाबूत. स्क्रू काढून आत पाहिलं, तर पट्टीवर काळ्या राळेचा एकच ठिपका. निन्टेन्डोनं १९८३ मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉम या गेमयंत्राची नक्कल त्या ठिपक्याखालच्या चिपमध्ये बसवलेली. नव्वदच्या दशकात आपल्याकडे दिसणारे टीव्ही गेम बहुतेक याच जातीचे. म्हणजे आम्ही ज्याला अस्सल म्हणतो, तीही नक्कलच. म्हणून जुनं यंत्र अस्सल आणि फोनवरचा गेम नकली, हा वाद मला पटत नाही.

कॅसेटच्या काळवंडलेल्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या. लहानपणी सगळे फुंकर मारायचे. तोंडाच्या ओलाव्यानं त्या उलट गंजतात.

शुक्रवार, १ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन झालं. भाचा नागपूरहून आलाय. मी अ‍ॅडॉप्टरला नवी वायर जोडत होतो. "मामा, हे काहून जोडून राहिले? माझ्या फोनमध्ये सगळेच गेम आहेत ना!"

आहेत खरे. एम्युलेटर म्हणजे फोननं जुन्या यंत्राचं सोंग हुबेहूब वठवणं. अख्खा सुपर मारिओ ४० केबीचा, फोनमधल्या एका फोटोहून कितीतरी लहान. त्यात खेळ साठवायची सोयच नव्हती. भारनियमनात वीज गेली की ३२ टप्प्यांची चढाई पुन्हा पहिल्यापासून. एम्युलेटरवर वाटेल तिथं थांबता येतं. आठव्या, म्हणजे शेवटच्या जगाचा शेवट मी आज पहिल्यांदा पाहिला, तो भाच्याच्या फोनवर. कॅसेटी मेल्या तरी खेळ जगतात, हे एम्युलेटरचं मोठं ऋण आहे.

रविवार, ३ नोव्हेंबर, भाऊबीज
मंडईच्या जत्रांचे दिवस. रात्री दंडार हे लोकनाट्य पाहायला जायचं, म्हणून दुपारीच गेमची बंदूक काढली. हॉलमधल्या सपाट टीव्हीवर डक हंट लावला. एकही बदक पडेना. मग आईच्या खोलीतला डब्बा टीव्ही दोघांनी उचलून आणला, गेमची वायर अँटेनाच्या जागी खोचली, चॅनल शोधला. भाच्यानं चाप ओढला आणि ओरडला, "मामा, लागली!"

बंदुकीतून काहीच सुटत नाही. ती फक्त पाहते. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. त्या क्षणी बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला उजेड दिसला, तर नेम लागला. सपाट टीव्ही चित्र तयार करून दाखवेपर्यंत ती वेळ निघून जाते. शिवाय तो डोळा डब्बा टीव्हीतल्या पिक्चर ट्यूबच्या लुकलुकीसाठीच बनवलेला. यंत्र, बंदूक आणि काच मिळून हा खेळ होतो.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
रात्री दोघांनी मिळून कॉन्ट्रा हा गेम खेळला. धबधब्याच्या टप्प्यात एक जण भराभर वर चढला की खाली राहिलेला मरतो. म्हणून "थांब बे, मला येऊ दे!" हे ओरडणं आलंच. भाचा थांबायला शिकला. संगणकाला दोन रिमोट जोडून हेही जमेल, पण फोनच्या काचेवर चार अंगठे मावत नाहीत.

निन्टेन्डोनं २०१६ मध्ये विकायला काढलेल्या छोट्या 'क्लासिक' गेमयंत्रातही एम्युलेटरच आहे. त्यामुळे खेळ जपायला एम्युलेटर हवाच. पण हातातलं बटण आणि काचेवरची उडी यांत अंतर नको असेल, तर जुनं यंत्र जुन्या टीव्हीलाच जोडावं.

पिक्चर ट्यूब बनवणं मोठ्या कंपन्यांनी केव्हाच सोडलं. घरात चालू डब्बा टीव्ही असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका.