काटा पास, टेप नापास

आमच्या नळदुर्गात पोट सुटलेल्या माणसाला कोणी आजारी म्हणत नाही. "खात्यापित्या घरचा दिसतोय," म्हणतात! याउलट मी सेमिस्टर संपवून घरी गेलो की आजी दारातच म्हणते, "किती वाळलंय लेकरू!" आणि ताटात तुपाची धार पडते. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्यात अंगावर मांस असणं म्हणजे सुबत्ता, हे समजू शकतं. पण या समजुतीपायीच आमच्या तात्यांचा मधुमेह किती वर्षं लपून राहिला, कोण जाणे.

तात्या म्हणजे माझे चुलते. किराणा दुकान, सकाळी आठ ते रात्री नऊ गल्ल्यावर बैठक. हातपाय काटकुळे, पोट मात्र शर्टाची बटणं ताणणारं. गेल्या वर्षी पायाची जखम महिनाभर भरेना म्हणून रक्त तपासलं, तर उपाशीपोटीची साखर २१०! वय फक्त ४४. तात्यांचा एकच वाद, "मी कुठं जाड हाय? वजन तर ६६ किलो!"

आपण पडलो इंजिनिअर, लावला फॉर्म्युला. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. उंची १.६५, उत्तर आलं २४.२. हा झाला बी.एम.आय. जगभर तो २५ च्या आत असला की नॉर्मल. म्हणजे तात्या पास! मग घोळ कुठे झाला?

मित्रांनो, उत्तर पुण्यात सापडलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बी.एम.आय. २२.३. पण अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! काट्याला स्नायू आणि चरबी यातला फरक कळत नाही, तो फक्त बेरीज सांगतो. आपल्या लोकांत स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतसुद्धा याज्ञिकांच्या गटाला हेच दिसलं. इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजन बरंच कमी, पण चरबी त्या मानाने टिकून!

पोटातली ही चरबी नुसती पडून राहत नाही. ती यकृतात साठते, इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते. मग साखर वाढते, बी.पी. वाढतं, हृदयावर ताण येतो. वजनही वाढलं तर गुडघेदुखी आणि घोरणं बोनस! म्हणूनच २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी वेगळी रेघ आखली. बी.एम.आय. २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटीमीटर, बायकांत ८० च्या आत हवा.

मी शेजारच्या टेलरकाकांकडून टेप आणला. तात्यांचा घेर भरला ९८! "आरं, माझी पँट तर चौतीसची हाय!" असणारच, ती पोटाच्या खाली बांधतात ना!

पावसाळ्यात आमच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे बघायला लांबलांबून लोक येतात. गावातच राहून तात्या मात्र कित्येक वर्षं तिकडे फिरकले नव्हते. आता दुकान उघडायच्या आधी रोज किल्ल्यापर्यंत चालत जाऊन येतात. सहा महिन्यांत वजन ६२ वर आलं, साखरही उतरली. गोळ्या चालू आहेत, पण जखम भरली.

आता आपलं बघा. दिवसभर लेक्चर, रात्रभर कॉम्प्युटर, बारा वाजता वडापाव. बैठक तात्यांसारखीच, फक्त गल्ला नाही! वर्कशॉपमध्ये आपण व्हर्नियरने मिलिमीटरचे भाग मोजतो, मग स्वतःची कंबर मोजायला काय हरकत आहे? श्वास सोडून, पोट आत न ओढता, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा. सुट्टीत घरी गेलात की वडिलांची, काकांची, आईचीही मोजा. टेप दहा-वीस रुपयांना मिळतो.